वेल कोपऱ्यावर वळते तेव्हा

मास्तर : कान सोनारानंच टोचावेत, म्हणून हा विषय तुमच्यापुढं काढतो, शेट. चित्रकलेच्या पुस्तकांत छापचित्राची गोष्ट चित्रकारापासून सुरू होते. ती सोनाराच्या ऐरणीपासून सुरू व्हायला हवी. तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कलमानं रेघ कोरायची, रेघेत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद दाबून छाप उचलायचा, ही करामत पंधराव्या शतकात जर्मन मुलखात रुळली ती धातू कोरणाऱ्या हातांतून. कोलमारचा मार्टिन शोंगाउअर सोनाराचा मुलगा. बोखोल्टचा इस्राएल फान मेकेनम स्वतः सोनार. आल्ब्रेख्त ड्यूररचा बाप न्यूर्नबर्गात सोनारकाम करी. पोरगा आधी बापाच्या हाताखाली बसला आणि १४८६ मध्ये चित्रकाराकडं शिकायला गेला. या लोकांनी देवादिकांची चित्रं छापलीच, शिवाय छापले नमुने : धूपदानं, बिशपच्या दंडाची मूठ, पेले, खंजिराची म्यानं, चमच्यांचे दांडे, आणि नुसत्या पट्ट्या, पानाफुलांच्या, कुठंही लावाव्यात अशा. सोनारानं सोनारासाठी काढलेला कित्ता. एका गावच्या कारागिराची बुद्धी कागदावर बसून शंभर गावांना गेली. मला यात फार मोठी मोकळीक दिसते.

शेट : मोकळीक कुणाची, मास्तर? कित्ता देणाऱ्याची की गिरवणाऱ्याची? मी जन्मभर बागेसरीपुढं, सोनाराच्या शेगडीपुढं बसलो. कागदावरून डाग, म्हणजे दागिना, होत नाही. तुम्ही मागं मला त्या शोंगाउअरच्या धूपदानाचं चित्र दाखवलंत. साखळ्या जमिनीवर पसरल्यात, गोलाईवर सावली धरलीय, बघत राहावं असं काम. पण मला सांगा, पत्रा किती जाड? झाकण कुठं सांधलंय? वजन किती भरेल? मागच्या अंगाला काय आहे? चित्राला एकच बाजू असते, भांडं सगळीकडून असतं. सोनाराला जे कळायला हवं त्यातलं एकही त्या कागदावर नाही, आणि जे आहे, म्हणजे ती सावली, ते सोनाराच्या काही कामाचं नाही. ती सावली कागद विकत घेणाऱ्या शौकिनासाठी काढलेली. म्हणून विचारतो, हे कागद सोनारांसाठी होते हे ठरवलं कुणी? पुढच्या काळातल्या संग्राहकांनी आणि तुमच्यासारख्या मास्तरांनी?

मास्तर : धूपदानापुरतं तुमचं म्हणणं मी मान्य करतो. तो कागद नमुना होता की आपल्या कलमाची ताकद दाखवायची जाहिरात, यावर जाणकारांतही एकमत नाही. आणि शौकीन होतेच. काही जण असे छोटे छाप वह्यांत चिकटवून ठेवत. पण सगळे कागद तसले नव्हते. पुष्कळ कागदांवर एकाच पेल्याचे दोन अर्धे भाग काढलेले असत, डावा एका घाटाचा आणि उजवा दुसऱ्या. हवा तो अर्धा घ्या, आरशासारखा पलीकडं उलटवा, पेला पुरा करा. हे शौकिनासाठी असतं का? हा तर गिऱ्हाइकापुढं ठेवायचा मसुदा. झोस्ट गावचा आल्डेग्रेव्हर चमच्याचे दांडे आणि म्यानं काढी, ती जवळजवळ वापराच्या मापाची. आणि १५८० च्या सुमारास न्यूर्नबर्गच्या बर्नहार्ट झाननं तर रेघ सोडूनच दिली. त्यानं पत्र्यावर ठशांनी ठिपके ठोकले आणि त्या ठिपक्यांचे छाप काढले. तुम्ही राळेवर पत्रा बसवून ठोकता ना, तसंच. त्या कागदावर नुसता घाट नाही, हात कसा पडला तेही उमटलंय. त्याच न्यूर्नबर्गात उमेदवाराला उस्ताद व्हायचं तर एका फुलाच्या आकाराचा ठरलेला पेला, खडा बसवलेली अंगठी आणि मोहोर कोरून दाखवावी लागे. परीक्षाच मुळी नमुना गिरवण्याची.

शेट : परीक्षेचं सांगू नका. परीक्षेला गिरवलेलं पुढं आयुष्यभर कोण गिरवतो?

मास्तर : बरं, सोडलं. पण तुमच्या खऱ्या शंकेला मी वेगळं उत्तर देईन. आज संग्रहालयांत कोणते कागद दिसतात? जे कुणी वापरले नाहीत ते. सोनाराच्या दुकानात गेलेला कागद राळेनं माखला, फुंकणीच्या ठिणगीनं जळला, चांदीवर रेघ उतरवताना टोचून टोचून चाळण झाला आणि एक दिवस बागेसरीत गेला. शौकिनाच्या वहीत चिकटलेला तेवढा पाचशे वर्षं टिकला. तेव्हा उरलेले कागद स्वच्छ आहेत, म्हणून ते सोनारांनी वापरलेच नाहीत, असं म्हणणं म्हणजे लढाईतून परतलेल्यांच्या अंगावर वार नाहीत म्हणून लढाईच झाली नाही म्हणण्यासारखं.

शेट : सोयीचं बोललात. पुरावा सापडत नाही हाच पुरावा! या न्यायानं मीही म्हणेन की माझ्या आज्यानं लिस्बनच्या राजाचा मुगुट घडवला; कागद मिळत नाही, कारण तो जळला. आणि युरोपचं राहू द्या, आपल्याकडं बघा. तुम्ही हे सगळं मला इथं गोव्यात, कारापुरात बसून का सांगताय ते मी ओळखतो. तुम्हाला म्हणायचंय की आपल्या देवळांतल्या चांदीवरची वेल त्या कागदांवरून उतरलीय. मग हिशोब करा. तुमचे कागद पंधराव्या-सोळाव्या शतकांतले. तेव्हा हा वाळवंटी नदीचा काठ पोर्तुगिजांचा नव्हता. डिचोली त्यांच्या हाती पडली १७८१ त, पेडणं १७८८ त. या नव्या काबिजादी, मागाहून जिंकलेले महाल. तोवर अडीचशे वर्षं आम्ही आदिलशाही, मराठे, सावंतवाडीकर भोसले यांच्या सावलीत. आणि खुद्द त्यांच्या हद्दीत काय चाललं होतं? १५६७ साली गोव्याच्या धर्मपरिषदेनं ठराव केला की इगर्जीची, म्हणजे चर्चची, पूजेची भांडी आणि मूर्ती हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत. ज्याच्या हातात क्रूस द्यायची भीती वाटते, त्याच्या हातात तुमचे पाद्री अँटवर्पला छापलेली चित्रं देतील?

मास्तर : जे घडतच नाही त्याची मनाई कुणी करतं का, शेट? तो ठरावच माझा साक्षीदार. इगर्जीची चांदी हिंदू सोनार सर्रास घडवत होते म्हणून तर ठराव करावा लागला, आणि ठरावानंतरही ते घडवतच राहिले, कारण दुसरे हात नव्हते. आता तुम्ही विनोदानं लिस्बनच्या राजाचं नाव घेतलंत. पण गोव्याचा राउळू शेट खरोखरच १५१८ मध्ये दोम मानुएल राजाच्या दरबारी लिस्बनला गेला, तिथं त्यानं काम केलं, १५२० च्या सुमारास तो सन्मान घेऊन परतला. पोर्तुगीज कागदांत त्याच्या नावाची मोडतोड झालीय, पण नाव आहे. तो तिथल्या सोनारांच्या दुकानांत बसला असेल, तर त्याच्या नजरेखालून काय काय गेलं असेल, विचार करा. पुढं १६३६-३७ मध्ये जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या देहासाठी चांदीची पेटी झाली. आराखडा मार्सेलो मास्त्रिली या इटालियन जेझुइट पाद्र्याचा, हात गोव्याच्या कारागिरांचे. पेटीच्या चौकटींत संताच्या चरित्रातले प्रसंग उठावात बसवलेत, आणि त्या प्रसंगांची मांडणी युरोपात छापल्या जाणाऱ्या संतचित्रांच्या वळणाची आहे. कागद नव्हता तर हे वळण आलं कुठून?

शेट : ती पेटी मी पाहिलीय. एवढ्या उंचावर बसवलीय की खालून चांदी दिसते, काम दिसत नाही. पण ते प्रसंग झाले. माणसं, घोडे, पलंग, राजे. त्यांना कागद लागला असेल, मी नाही म्हणत नाही. कुणाचं चरित्र सांगायचं तर कुणीतरी आधी ते दाखवायला हवं. वेलबुट्टीला कागद कशाला?

मास्तर : प्रसंग आणि वेल एकाच कागदावर येत, एकाच्या भोवती दुसरी. आणि कागद या वाटेनं जात होते याची साक्ष गोव्याबाहेरही आहे. गोव्याहून निघालेले जेझुइट १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचले, ते अँटवर्पला प्लांतँच्या छापखान्यात झालेलं अनेक भाषांतलं बायबल घेऊन. अकबरानं ते हातात घेऊन पाहिलं. १६०० मध्ये अबुल हसन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलानं ड्यूररच्या छापातली संत जॉनची आकृती हुबेहूब उतरवली, ती आजही आहे. कागद आग्र्याकडं गेला तो कोणत्या बंदरातून? बहुधा मांडवी नदीच्या तोंडातूनच गेला, आणि मांडवीच्या दोन्ही तीरांवरच्या सोनारांनी तेवढा पाहिला नाही? हद्द नकाशावर होती, सोयरीक नदीपलीकडं होती. कासारपालची कालिका आपल्या डिचोली तालुक्यात, आणि ती तुम्हा दैवज्ञ सोनारांच्या किती घराण्यांची कुलदेवता आहे ते तुम्ही मला सांगा. जत्रेला येणारा सोनार आपले हात घरी ठेवून येत नसे.

शेट : हात घेऊन येई, कागद नव्हे. आता माझं ऐका, मधे बोलू नका. देवळाच्या प्रभावळीवर माथ्याला काय असतं? कीर्तिमुख. डोळे वटारलेलं तोंड, आणि त्या तोंडातून दोन्ही अंगांना वेल सुटलेली. खालच्या टोकांना मकर, त्याच्या शेपटीचीच पानं झालेली. हे आमच्याकडं किती जुनं आहे ते सांगायला इतिहासकार लागत नाही, कुठलंही जुनं दगडी देऊळ बघा. आणि तुम्ही दाखवलेल्या त्या नमुन्यांत काय होतं? एक तोंड, त्यातून वेल. दोन मासे, त्यांच्या शेपटीची पानं. त्याला तुम्ही काय म्हणता?

मास्तर : ग्रोटेस्क. १४८० च्या सुमारास रोमला नीरो बादशहाचा गाडला गेलेला महाल सापडला. चित्रकार दोरानं खाली उतरत आणि दिवट्यांच्या उजेडात भिंतींवरची चित्रं पाहत. भुयारातली चित्रं म्हणून ते नाव. तिथून ती तोंडं, ते मासे, अर्धा माणूस अर्धी वेल असले प्राणी छापांतून युरोपभर गेले.

शेट : मग झालं तर. त्यांचं भुयार, आमचं देऊळ. आता एका चांदीच्या चौकटीवर पान ओकणारं तोंड कोरलंय. ते रोमहून आलं की बदामीहून, हे तुम्ही कसं ठरवणार? सोनाराला विचारलंत तर तो कीर्तिमुख म्हणेल. पाद्र्याला विचारलंत तर तो आणखी काही म्हणेल. चांदी गप्प. तुम्ही युरोपचे कागद पाहिलेत म्हणून तुम्हाला युरोप दिसतो. मास्तर, ज्यानं ज्या वहीत अभ्यास केला त्याला जगभर तीच वही दिसते.

मास्तर : हा घाव बसला, कबूल करतो. पण याचंच दुसरं टोक धरून मी पुढं जातो. वेल कुणाची, हा प्रश्न युरोपातही सुटत नाही. पॅरिसला १५३० मध्ये फ्रांचेस्को पेल्लेग्रिनोनं आणि झुरिकला १५४९ मध्ये पेटर फ्ल्योटनरच्या मरणानंतर जी नमुन्यांची पुस्तकं निघाली, त्यांतली गुंतलेली, न संपणारी बारीक पानवेल त्यांची नव्हे. ती मुसलमानी मुलखाची. तिकडच्या पितळी भांड्यांवरून व्हेनिसला आली, व्हेनिसहून कागदावर गेली. तोच कागद जहाजात बसून गोव्याला आला असेल, तर पूर्वेची वेल पूर्वेलाच परतली. म्हणून मी मालकी सांगत नाही. मी एवढंच म्हणतो की कागदानं चाल बदलली. आधी नक्षी माणसाबरोबर चालायची, बापाकडून मुलाकडं, माहेरहून सासरी गेलेल्या डागाबरोबर. आता ती माणसाशिवाय चालू लागली. पुतळीचंच घ्या.

शेट : पुतळी मी घेतो, कारण पुतळी माझ्या बाजूची आहे. आमच्या बायकांच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांची. त्या नाण्यावर एका अंगाला त्यांचा संत आणि त्याच्यापुढं गुडघे टेकलेला त्यांचा मुख्य, दुसऱ्या अंगाला ख्रिस्त. नाण्यावर माणसं, म्हणून आपल्या लोकांनी नाव दिलं पुतळी. सोनं चोख, म्हणून मान. मग इथं त्याच्या नकला ठोकल्या जाऊ लागल्या. ठोकणाऱ्याला अक्षर येत नव्हतं, तेव्हा अक्षरांच्या रेघा झाल्या, रेघांचे ठिपके. संताची काठी झाली, मुख्य वाकून वाकून गोळा झाला. ही तुमच्या कित्त्याची गत. दर पिढीला गिरवणारा एक पाऊल कमी समजतो. आज पुतळीवर लक्ष्मी असते, आणि ती कुणाला परकी वाटत नाही. मी याला मोकळीक म्हणू की विसर?

मास्तर : तुम्ही विसर म्हणता ते मी पचवणं म्हणेन. अक्षराचे ठिपके झाले तिथं नक्कल संपली आणि आपलं काम सुरू झालं.

शेट : शब्दाचा खेळ नको. ठिपके अज्ञानानं झाले, हे विसरू नका. चुकणं आणि बदलणं यांत फरक आहे, आणि तो कागद बघून कळत नाही. तो कळण्याची जागा मी सांगतो, ती तुमच्या एकाही पुस्तकात नसेल. कोपरा. तुमचा कागद सरळ पट्टी देतो. वेल डावीकडून येते, उजवीकडं जाते, पानं आलटूनपालटून वर-खाली. ठीक. पण गर्भकुडीची, म्हणजे गाभाऱ्याच्या दाराची, चौकट सरळ नसते. उभी बाजू संपते, आडवी पट्टी लागते. तिथं वेलीचं काय करायचं? अर्धवट सोनार पट्टी कापतो आणि दुसरी आडवी जोडतो. पान मधेच तुटतं, सांधा दिसतो. दुसरा तिथं एक मोठं फूल बसवून लाज झाकतो. आणि खरा जो, तो तीन वीत आधीपासूनच देठ थोडा थोडा झुकवत आणतो, पानांतलं अंतर बोटाच्या पेरानं वाढवतो, आणि वेल कोपऱ्यावर आपणहून वळल्यासारखी वळते. माझ्या बापानं मला पट्टी कधीच शिकवली नाही. तो म्हणे, पट्टी कुणालाही येते. मला कोपराच दिला होता, सहा महिने.

मास्तर : थांबा. म्हणजे एखाद्या चौकटीवरची वेल कागदावरून आली की परंपरेनं, हे वेल बघून ठरणार नाही. कोपरा बघून ठरेल?

शेट : तेही ठरणार नाही. कोपऱ्यावर सोनार कळतो, कागद नव्हे. कोपरा साधलेला असेल तर एवढंच म्हणता येईल की इथं एक डोकं चाललं होतं. त्या डोक्यापुढं कागद होता की नव्हता, देव जाणे.

मास्तर : पण शेट, यात तुम्ही माझंही थोडं कबूल करून बसलात. पट्टी कुणीतरी दिल्याशिवाय कोपऱ्याचा प्रश्नच उभा राहत नाही. ज्याची नक्षी पहिल्यापासून चौकटीसाठीच जन्मली, त्याला कोपरा नडत नाही. नडतो तो दुसऱ्या मापाची, दुसऱ्या जागेची नक्षी आपल्या दारावर आणणाऱ्याला. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापुरात पोरं वाळवंटीत नौका सोडतात. हल्ली मोबाइलवर कुठकुठल्या जहाजांची चित्रं बघून ती बांधतात. चित्रात पाणी लागत नाही, नदीत लागतं. मग रात्र रात्र बसून बूड कसं करायचं ते शोधून काढतात. परकं चित्र नसतं तर ते बूड कुणी शोधलं नसतं.

शेट : नौकेचं पटतं. पण ज्या नौका काठाशीच कलंडतात त्यांचा फोटो कुणी छापत नाही, तेही ध्यानात ठेवा. आणि पोरांना नदी आहे. आमच्या धंद्याला ती राहिली नाही. आता गिऱ्हाईक मोबाइल पुढं करतं, "अस्संच हवं". मी म्हणतो, तुझ्या गळ्याची ठेवण वेगळी, हे तुला बसणार नाही. ते पुढच्या दुकानात जातं. तिथं कॉम्प्युटरवर घाट काढतात, मेणाचा साचा निघतो, ओतीव डाग तयार. कोपराही मशीनच वळवतं, आणि बरा वळवतं, खोटं का बोलू. तुमचे ते जर्मन सोनार कागद छापत बसले तेव्हा त्यांना कळलं नसेल, पण ही वाट तिथूनच सुरू झाली. घाट एकाचा, हात दुसऱ्याचा. एकदा हे दोन वेगळे झाले की हात स्वस्त होतो.

मास्तर : याला माझ्याकडं उत्तर नाही. एवढंच सांगतो की वेगळं होताना नाव घाटाकडं गेलं, ही गोष्ट मलाही खटकते. ड्यूररनं आपल्या दोन अक्षरांची मुद्रा छापावर घातली, आल्डेग्रेव्हरनं ती पद्धत उचलली. चार इंची चमच्याचा नमुना असला तरी खाली अक्षरं. तो चमचा ज्यांनी घडवला त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. आपल्याकडं तर विचारूच नका. एवढी चांदी गोव्यात घडली, इगर्जींत, देवळांत. त्या काळातलं नाव म्हणून राउळू शेटाचं घ्यायचं आणि थांबायचं. तेही तो लिस्बनला गेला आणि तिथं कुणीतरी ते लिहिलं म्हणून.

शेट : आम्ही नाव घालत नव्हतो. देवाच्या दारावर सोनारानं आपलं नाव घालायचं?

मास्तर : मग मी मागतो ते द्या. तुमच्या माळ्यावर आज्याच्या ठशांची पेटी आहे. मला त्या प्रत्येक ठशाचा कागदावर छाप घेऊ द्या. शाईचा, साधा. पहिल्या सोनारांनी हेच केलं असावं, असं पुष्कळांना वाटतं. कोरलेलं काम हातातून जाण्याआधी त्याची आठवण राहावी म्हणून त्यात काळं भरून कागद दाबला. तुमचं दुकान बंद झालं की ते ठसे भंगारात वजनानं जातील.

शेट : म्हणजे शेवटी मलाही कागदावरच आणलंत. आणि छापात कोपरा येणार नाही, हे ठाऊक आहे ना तुम्हाला? ठसा एका पानाचा असतो. पानं कशी वळवायची ते पेटीत नाही.

मास्तर : ठाऊक आहे. म्हणून छाप मी घेतो, आणि तुम्ही एक कोपरा करून दाखवा. पितळेवर चालेल.

शेट : हात थरथरतो आता. बघू. बुधवारी या, त्या दिवशी साखळी गावात जायचं नसतं. कागद पातळ आणा, ठशांच्या रेघा झिजल्यात, जाड कागद आत शिरणार नाही. आणि खाली आमच्या घराण्याचं नाव घालू नका. त्या पेटीतले अर्धे ठसे आज्यानं कुणाकडून घेतले होते, ते त्यानं बापाला सांगितलं नाही आणि बापानं मला.